आईसाठी जागा पाहताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या विषयावर बोलणार आहे तो आपल्याकडे अजूनही दबक्या आवाजातच बोलला जातो. घरात आईला किंवा वडिलांना स्मृतिभ्रंश झाला आहे, घरी सांभाळणं हाताबाहेर गेलं आहे, आणि त्यांच्यासाठी बाहेर एखादी जागा पाहायची आहे. ती कशी पाहायची?

रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मी बरीच वर्षं काम केलं. अजूनही ओळखीतून फोन येतात. सुरुवात बहुधा एकच असते, ‘बाई, एखादं चांगलं ठिकाण सांगा ना.’ मी नाव सांगत नाही. व्यवस्थापक बदलला, जुन्या चार मावश्या सोडून गेल्या, की सहा महिन्यांत चांगलं ठिकाण वाईट होतं. क्वचित वाईटाचं चांगलंही होतं. म्हणून नाव न सांगता मी पाहायचं कसं ते सांगते.

त्याआधी एका शब्दाबद्दल. ‘आईला आश्रमात टाकलं’ असं आपण म्हणतो. कचरा टाकतात, पत्र पेटीत टाकतात, आणि आईही टाकतात! या एका क्रियापदाच्या धाकानं कितीतरी घरांत सुना आणि मुली रात्र-रात्र जागून स्वतः आजारी पडलेल्या मी पाहिल्या आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे शंभरातल्या सात जणांहून थोडे अधिक. त्यांतले बहुतेक घरीच आहेत आणि घरीच राहणार आहेत. पण ज्यांना घरी ठेवणं खरोखरच शक्य नाही, त्यांच्या माणसांनी मान खाली घालून जागा पाहू नये. मान खाली असली की समोरचं नीट दिसत नाही, प्रश्न विचारवत नाहीत, आणि ‘घेतलं बुवा एकदाचं’ या सुटकेच्या भावनेत सही होऊन जाते.

आता पहिली अडचण. मुलीसाठी स्थळ पाहतो, मुलासाठी वसतिगृह पाहतो, तेव्हा तिथे राहणारं माणूस चार दिवसांनी फोन करून सांगू शकतं की इथे जेवण बरं नाही, इथे मला त्रास होतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आईला तुम्ही विचारलंत, ‘आज जेवलीस का?’ तर ती म्हणेल, ‘कुणी दिलंच नाही.’ कदाचित अर्ध्या तासापूर्वीच पोटभर जेवलेली असेल. किंवा म्हणेल, ‘हो, जेवले की,’ आणि ताट तसंच परत गेलेलं असेल. तिची साक्ष धरता येत नाही. म्हणून तुम्हाला दुसरे साक्षीदार शोधावे लागतात. दिवाणखाना, बाग आणि माहितीपुस्तिकेतले हसरे फोटो हे साक्षीदार नव्हेत.

आणखी एक गोष्ट चटकन सांगते. जागा शोधण्याआधी निदान पक्कं करून घ्या. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधांचे परिणाम यांनीही विस्मरण होतं आणि त्यातलं बरंचसं उपचारांनी सुधारू शकतं. निदान झालं असेल तर वृद्धाश्रम आणि स्मृतिभ्रंशाची काळजी घेणारं केंद्र यांत फरक करा. बहुतेक वृद्धाश्रमांच्या अर्जातच अट असते की येणारी व्यक्ती स्वतःची कामं स्वतः करणारी हवी. मधल्या प्रकारात आंघोळ, कपडे, औषधं यांना मदत मिळते, पण रात्री उठून दार उघडून बाहेर जाणारा माणूस तिथे सांभाळला जाईलच असं नाही. पाटीवर काय लिहिलं आहे त्यावर जाऊ नका. आत्ता तुमच्याकडे स्मृतिभ्रंशाचे किती जण आहेत, आणि त्यांतले अंथरुणाला खिळलेले किती, हे विचारा.

अमेरिकेत २००८ सालापासून नर्सिंग होमना सरकार एक ते पाच तारे देतं. इंग्लंडमध्ये तपासणी करणारी सरकारी यंत्रणा आहे, तिचा शेरा कुणालाही वाचता येतो. आपल्याकडे २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्यात निराधार वृद्धांसाठी जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे. पण खासगी स्मृतिभ्रंश केंद्राला गुण देणारा असा कागद तुमच्या हातात पडत नाही. तेव्हा तपासनीस तुम्हीच.

पहिली भेट वेळ ठरवून, सकाळी होईल. होऊ द्या. त्या वेळी फरशा पुसलेल्या असतात, आजी-आजोबांना पावडर लावून बसवलेलं असतं, साहेब स्वतः फिरवून दाखवतात. दुसऱ्या भेटीला न सांगता जा आणि संध्याकाळी पाच ते सातच्या मध्ये जा. या आजारात दिवस कलला की बऱ्याच जणांची बेचैनी वाढते. ‘मला घरी जायचंय, मुलं शाळेतून आली असतील,’ म्हणून ऐंशी वर्षांची बाई दाराशी उभी राहते. कुणी रडतं, कुणी शिव्या देतं, कुणी येरझाऱ्या घालतं. नेमकी हीच सेवकांची पाळी बदलण्याची आणि स्वयंपाकघरातल्या गडबडीची वेळ. या दोन तासांत जे दिसेल ते त्या घराचं खरं रूप. ‘भेटीची वेळ नाही’ म्हणून तुम्हाला फाटकातूनच परत पाठवलं, तर तेही काहीतरी सांगून जातं.

तिथे कोपऱ्यातल्या खुर्चीवर अर्धा तास नुसतं बसा. दाराशी उभ्या असलेल्या त्या आजींशी कुणी बोलतं का? काय बोलतं? ‘आजी, तुमची मुलं आता पन्नाशीची झाली, कुठलं घर आणि कुठली शाळा!’ हे बोलणं खरं असेल, पण त्यानं त्या बाईचं घर दुसऱ्यांदा हिरावून घेतलं जातं. चांगली मावशी म्हणते, ‘मुलं येतील हो. काय काय करायच्या तुम्ही त्यांच्यासाठी?’ आणि हाताला धरून त्यांना जरा फिरवून आणते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा २०१३ सालचा चित्रपट काहींनी पाहिला असेल. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी केलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे भान हरपून निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना सांभाळते. तिला ना त्यांचं पांडित्य ठाऊक, ना आजाराचं नाव. पण ती त्यांना पोरासारखं जवळ करते, त्यांची चूक काढत बसत नाही. प्रमाणपत्रांची भिंत दाखवणाऱ्या काही ठिकाणी मला तेवढी एक गोष्ट सापडली नाही.

आता दोन अवघड प्रश्न. ते थेट विचारायला लोक लाजतात, म्हणून मी मुद्दाम वेळ घेऊन सांगते.

पहिला प्रश्न, ‘तुम्ही माणसांना बांधता का?’ ओढणीनं खुर्चीला, पट्ट्यानं पलंगाला. ‘छे छे, आमच्याकडे असलं काही नाही,’ हे उत्तर फार पटकन आलं तर मी सावध होते. ‘पडू नयेत म्हणून जरासं,’ हे उत्तर आलं तर उठून निघते. बांधून ठेवल्यानं पडणं थांबतं असंही नाही. माणूस सुटायला धडपडतो, पलंगाचा कठडा ओलांडायला जातो आणि जास्त उंचावरून पडतो. बसून बसून पायांतली ताकद जाते, पाठीला जखमा होतात. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं नर्सिंग होममधल्या अशा बांधण्यावर बंधनं आणली. मला समाधान देणारं उत्तर असं असतं, ‘अमुक आजोबा रात्री सारखे उठायचे. मग लक्षात आलं, त्यांना लघवीला जायचं असायचं. आता अकरा वाजता आणि तीन वाजता आम्हीच नेतो.’ म्हणजे इथे कुणीतरी विचार केला आहे.

दुसरा प्रश्न झोपेच्या आणि शांत ठेवण्याच्या औषधांचा. सकाळी दहा वाजता हॉलमधले निम्मे लोक मान टाकून बसलेले असतील, तर ‘किती शांत ठिकाण आहे!’ असं म्हणू नका. मानसिक आजारांवरची काही औषधं स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ साली त्या औषधांवर छापायला लावला. ही औषधं कधीच देऊ नयेत असं नाही. कधीकधी भ्रम आणि भीती इतकी असते की ती द्यावी लागतात. पण कोणत्या डॉक्टरांनी दिली, किती दिवसांसाठी, पुन्हा कधी तपासणार, घरच्यांना विचारलं का, या चार गोष्टींची उत्तरं नोंदवहीत सापडली पाहिजेत. याच्या जोडीला एक कसोटीचा प्रश्न विचारा. ‘एखाद्या आजी आज अचानक आरडाओरडा करायला लागल्या, तर तुम्ही आधी काय करता?’ ‘डॉक्टरांना सांगून इंजेक्शन,’ असं उत्तर आलं तर समजून घ्या. जाणती नर्स म्हणेल, ‘आधी पोट साफ झालंय का बघतो, लघवीला जळजळ आहे का, ताप आहे का, कुठे दुखतंय का.’ मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गानंही अशा रुग्णाचा गोंधळ एका रात्रीत दुप्पट होऊ शकतो, आणि कुठे दुखतं आहे हे त्याला सांगता येत नाही.

माणसांबद्दल विचारताना एकूण कर्मचारी किती, हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्या आकड्यात माळी, ड्रायव्हर, हिशेबनीस सगळे येतात. रात्री दोन वाजता या मजल्यावर जागं कोण असतं, ते विचारा. मग व्यवस्थापकांना सोडून एखाद्या मावशीशी बोला. ‘मावशी, किती दिवस झाले इथे?’ दोन-तीन वर्षं म्हणाल्या तर ते घर बरं चाललं आहे. सगळ्याच ‘महिनाभर झाला’ म्हणाल्या, तर माणसं ब्युरोकडून येतात आणि जातात. ज्या बाईला आज नाव पाठ झालं ती पुढच्या महिन्यात नसेल, आणि आधीच अनोळखी झालेल्या जगात तुमच्या आईला दर महिन्याला नवा हात आंघोळ घालेल. गणपतीत आणि दिवाळीत काय करता, हेही विचारा. कोकणातल्या, मराठवाड्यातल्या मावश्या त्या दिवसांत गावी जाणारच. त्या जागी कोण असतं याचं ठरलेलं उत्तर हवं.

भाषेकडे आपलं लक्ष जात नाही. आजार वाढला की बऱ्याचदा नंतर शिकलेल्या भाषा आधी ओसरतात आणि लहानपणची बोली उरते. पुण्यात पन्नास वर्षं प्रमाण मराठी बोललेली आई एक दिवस मालवणीत पाणी मागते, कुणाचे वडील अहिराणीत, कुणाची सासू कानडीत. ती भाषा समजणारं एक तरी माणूस तिथे आहे का, आणि नसेल तर शंभरएक शब्दांची यादी तुम्ही करून देऊ शकता का?

इमारतीबद्दल फार बोलत नाही. न घसरणारी फरशी, संडासात धरायला दांडे, रात्री संडासापर्यंत मंद दिवा, आणि बंद दाराशी येऊन न थांबता गोल फिरून परत येता येईल अशी चालायची वाट. एवढं असलं की पुरे. संगमरवर चकाकतो, आणि नजरेचा अंदाज चुकणाऱ्या माणसाला ती चकाकी पाणी वाटते. फिनेलचा फारच भपकारा येत असेल तर तो कशावर ओतला आहे हे शोधा.

नेदरलँड्समध्ये वेस्प या गावी २००९ साली स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी एक आख्खी वस्तीच उभी राहिली. तिथे दुकान आहे, उपाहारगृह आहे, लोक मोकळे हिंडतात. आपल्याकडे कुणी ते दाखवून ‘तसंच आम्हीही करणार’ म्हणालं तर हरकत नाही, पण आज काय करता ते पाहा. भिंतीवरच्या वेळापत्रकात सोमवारी संगीत, मंगळवारी चित्रकला असं लिहिलेलं असतं. मी मंगळवारीच जाते. एका साध्या, जुन्या बंगल्यातल्या केंद्रात मी पाहिलं, पाच-सहा आज्या बसून वाती वळत होत्या. एकीला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण बोटं चुकत नव्हती. दुसरी लसूण सोलत होती, तोही रात्रीच्या आमटीसाठी, खोटाखोटा नव्हे. वेळापत्रक कुठेच लावलेलं नव्हतं.

जेवणाच्या वेळी एकदा थांबा. आजार पुढे गेला की गिळणं अवघड होतं. एका माणसाला नीट भरवायला अर्धा तासही लागतो. एकच बाई चौघांना ओळीत बसवून फिरत्या चमच्यानं भरवत असेल, तर कुणाला तरी ठसका लागणार आणि कुणीतरी उपाशी राहणार. यावर सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे वजनाची वही. दर महिन्याला वजन घेता का, आणि ती वही दाखवता का, हे विचारा. नावं झाकून दाखवा म्हणा. वहीच नसेल तर आहाराच्या तक्त्यातल्या प्रथिनांच्या गप्पा ऐकत बसू नका.

करारपत्र घरी आणून वाचा. महिन्याचा खर्च आज बहुतेक ठिकाणी पाच आकडी असतो. त्यात डायपर, डॉक्टरांची भेट, औषधं, फिजिओथेरपी धरली आहे का? अनामत रकमेतलं काय परत मिळतं? दरवर्षी वाढ किती? रात्री रुग्णालयात न्यायची वेळ आली तर कुठे नेणार आणि सोबत कोण थांबणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम शोधा, ते बारीक अक्षरात असतं. ‘प्रकृती बिघडल्यास नातेवाइकांनी रुग्णास घेऊन जावे.’ हा आजार वाढणाराच आहे. मग ‘बिघडल्यास’ म्हणजे केव्हा? चालणं बंद झाल्यावर? नळीनं अन्न द्यावं लागल्यावर? शेवटच्या दिवसांत त्या ठेवून घेतात की परत पाठवतात, हे आजच लेखी ठरवून घ्या. एका गृहस्थांना वडिलांना तीन दिवसांत हलवा असा निरोप आला, तेव्हा ते स्वतः हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होते.

पैशांसंबंधी एक कायद्याची गोष्ट. ‘आईचं मुखत्यारपत्र आहे माझ्याकडे,’ असं मुलं निर्धास्तपणे सांगतात. आपल्या करार कायद्याच्या २०१ कलमानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी सारासार विचार करण्याजोगी राहिली नाही की ते संपुष्टात येतं. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं त्याच दिवशी ते निकामी. पालक नेमून घेण्यासाठी मग अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयात जावं लागलं आहे. तेव्हा आजाराची सुरुवात असेल, आईला अजून कळत असेल, तर बँकेची संयुक्त खाती, वारसनोंद, मृत्युपत्र ही कामं आधी करा, जागा नंतर पाहा. आणि तिला कळत असेल तर जागा पाहायला तिलाही न्या. पुष्कळ मुलं हे टाळतात. ‘तिला त्रास होईल’ म्हणतात. त्रास होतोच, पण तिचं मत विचारण्याची ती शेवटची संधी असू शकते.

न्यू जर्सीतून किंवा सिडनीतून व्हिडिओवर जागा पाहणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारते. तुमच्या वतीनं एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता, न कळवता तिथे जाणारं माणूस या शहरात कोण आहे? भाऊ, भाची, शाळेतला मित्र, कुणीही. ते माणूस आधी नक्की करा. अडीअडचणीला १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा देशभर चालणारा फोन आहे. २०२१ साली तो सुरू झाला. पण तो त्या माणसाच्या जागी चालणार नाही.

आई तिथे राहायला गेल्यावरही पाहणं थांबत नाही. ‘पहिले पंधरा दिवस येऊ नका, म्हणजे रुळतील,’ असं काही ठिकाणी सांगतात. मला हा नियम सरसकट मान्य नाही. काहींना रोज कुणीतरी दिसलं तर बरं वाटतं, काहींना निघताना फार रडू येतं. ते माणसागणिक ठरवावं, आणि फोन करून रात्रीची हकीकत विचारायला तर कुणाची आडकाठी नसावी. ‘मला घरी ने’ म्हणाली की पोटात कालवतं. ती नेहमी तुमच्याच घराबद्दल बोलत असते असं नाही. बरेचदा ते तिच्या माहेरचं घर असतं, विहिरीचं आणि पारिजातकाचं, आता पडून गेलेलं. त्या घराबद्दल तिला विचारा, ती बोलेल.

आणि दर भेटीत, गप्पा मारता मारता, तिचे मोजे काढून टाचा बघा. टाचा, कंबरेच्या मागची हाडं, कोपरं, जखमा तिथेच आधी होतात. नखं कापली आहेत का, दातांची कवळी तोंडात आहे की पेल्यात विसरली आहे, कानातल्या यंत्राची बॅटरी चालू आहे का. औषधांची यादी मागा आणि गेल्या महिन्याच्या यादीशी ताडून पाहा. अशा घरांतून कपडे आणि चष्मे फार अदलाबदल होतात. तिच्या नाकावरचा चष्मा तिचाच आहे ना, तेही बघा.